चाकांचे गाव

उपनगर हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी स्टेशन उभे राहते. मग स्टेशनाबाहेरची फुलवाली, तिच्या शेजारी वड्यांची कढई, दोन्ही बाजूंच्या भाजीच्या टोपल्यांनी आक्रसून गेलेला रस्ता, आणि त्या रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालले की आपले घर. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढे मुंबईकराने आपली घरे त्या रुळांच्या कडेकडेने, वेलीला शेंगा धरतात तशी धरली. दादर, पार्ले, मुलुंड, डोंबिवली... घर केवढे, हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "स्टेशनापासून किती लांब?" उत्तर मिनिटांत यायचे, आणि ती मिनिटे पायांची, हे कुणाला वेगळे सांगावे लागत नसे.

मी ज्या उपनगरात राहते तेथेही अंतरे मिनिटांतच सांगतात. शाळा चार मिनिटे, भाजी सहा मिनिटे, डॉक्टर आठ मिनिटे, स्टेशन नऊ मिनिटे. फरक इतकाच, की ही मिनिटे मोटारीची. २०१८ साली सासूबाई प्रथम आमच्याकडे आल्या तेव्हा हा हिशेब ऐकून फार सुखावल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी पदर खोचला, चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाल्या, "चार मिनिटांवर तर शाळा. मीच घेऊन येते नातवाला." त्यांच्या चार मिनिटांत आणि आमच्या चार मिनिटांत अडीच किलोमीटरचे अंतर होते.

या गावाचे नाव टार्नीट. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या पश्चिमेला, शहराच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर ते आहे. तीस वर्षांपूर्वी येथे बहुतेक शेते होती आणि मेंढ्यांची कुरणे. २०२१ च्या शिरगणतीत माणसे भरली ५६ हजारांहून अधिक. त्यांत आपल्याकडची इतकी, की दुकानात उभे राहिले तर कानावर पंजाबी पडते, गुजराती पडते, तेलुगू पडते आणि मधूनच कुणी नवऱ्याला "अहो, कढीपत्ता राहिला" असे अस्सल मराठीत बजावते. कढीपत्ता मिळतो, मेथी मिळते, गणपतीत उकडीची पिठीसुद्धा मिळते. मिळत नाही ते एकच. मेथी आणायला पायी जाता येईल असा रस्ता.

तुम्ही म्हणाल, मग तेथे गेलात कशाला? सरळ प्रश्न आहे आणि उत्तरही सरळ आहे. परवडले म्हणून. २०१६ साली आम्ही दोघे आणि दोन मुले शहराजवळ दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहत होतो. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. जेवणाच्या टेबलावरच अभ्यास, आणि अभ्यास आवरून पाने मांडायची. घर घ्यावे म्हणून शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या शहरात चालण्याला फार भाव आहे. फिट्झरॉय, कार्लटन, ब्रन्सविक ही तिथली जुनी उपनगरे एकोणिसाव्या शतकातली. गिरणी-कारखान्यांतल्या कामकऱ्यांनी पायी किंवा ट्रामने कामावर जावे म्हणून वसलेली. घरे अरुंद, भिंतीला भिंत लागलेली, कोपऱ्यावर दुकान. आज त्या कामकऱ्यांच्या घरांत राहायला वकील-डॉक्टर हवेत. चालत जाता येईल असे गाव पैसेवाल्यांचे झाले, आणि ज्याच्यापाशी पैसे कमी त्याने दोन मोटारी पाळाव्यात, असा हा उफराटा न्याय. पण तेथल्या दोन खोल्यांच्या पैशांत येथे निजायच्या चार खोल्या येत होत्या. मागे हातभर परसू येत होते. चार खोल्यांतली एक, दर्शनी दाराजवळची, न्हाणीघर जोडलेली, आम्ही नकाशावरच सासूबाईंच्या नावाने लावून टाकली. सासरे नुकतेच गेले होते. डोंबिवलीच्या घरात त्या एकट्या होत्या. आज ना उद्या त्यांना येथे आणायचे, हे आमचे ठरलेले होते. त्या एका खोलीपायी आम्ही टार्नीट घेतले म्हटले तरी चालेल.

२०१७ च्या ऑक्टोबरात राहायला आलो. त्याच महिन्यात, आमच्यापासून फारशा दूर नसलेल्या अल्टोना येथल्या टोयोटाच्या कारखान्यातून शेवटची मोटार बाहेर पडली आणि त्याचे दरवाजे बंद झाले. मोटारी करणे थांबले आणि मोटारींचे गाव वाढू लागले, असा तो योग होता. आम्हीही त्या महिन्यात दुसरी मोटार घेतली. पहिली ह्यांच्याबरोबर सकाळी जाई आणि रात्री येई. दुसरी नसती तर मी चार खोल्यांच्या घरात चार भिंतींची मालकीण झाले असते.

मला मोटार शिकावी लागली. ठाण्याच्या माझ्या माहेरी चाके म्हणून होती ती फक्त शिवणयंत्राला. सदतिसाव्या वर्षी मी सुकाणूचक्र हाती घेतले. शिकवणारे पंजाबी गृहस्थ फार शांत होते. मी चौकात मोटार बंद पाडली की ते खिडकीबाहेर बघत जपजी पुटपुटत. आज मला मोटार चालवता येते याचा अभिमान आहे. पण हेही सांगते, की मोटार चालवणे हा माझा गुण आहे असे या गावात कुणाला वाटत नाही. पोहायला न येणाऱ्या माणसाला नदीकाठच्या गावात जसे बघतात, तसे न चालवणाऱ्याला येथे बघतात.

स्टेशन नाही असे नाही. २१ जून २०१५ रोजी ते उघडले. तेथून गाडी अर्ध्या-पाऊण तासात शहरात नेते. पण त्या स्टेशनाला पोहोचायला मोटार हवी आणि मोटार ठेवायला जागा हवी, आणि ती जागा उजाडता उजाडता भरून जाते. म्हणून हे आठाच्या कचेरीला सव्वासहाला घर सोडीत. बस आहे. पण ती आपल्या गल्लीबोळांतून अशी हिंडत जाते, की एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाई लग्नाची बोलावणी करीत निघाल्या आहेत असे वाटावे. एक चुकली की दुसरीची वाट अर्धा-पाऊण तास, आणि रविवारी त्याहून अधिक. तिकिटाच्या कार्डाचे नाव मायकी. सासूबाई म्हणाल्या, "नाव माहेरचे आणि वागणूक सासरची."

आमच्या घराची ठेवण सांगायला हवी. रस्त्यावरून पाहिले तर घराचे दार दिसत नाही. दिसतो तो मोटारी ठेवायच्या जागेचा रुंद पडदा. सकाळी तो वर जातो, मोटार बाहेर पडते, पडदा खाली येतो. संध्याकाळी तो वर जातो, मोटार आत जाते, पडदा खाली येतो. शेजारी उठले, शेजारी आले, शेजारी गावाला गेले, हे सारे आम्हाला पडद्यावरून कळते. आपल्या भाषेत दाराशी किती गोष्टी घडतात! भिक्षेकरी दारी येतो, वरात दारावरून जाते, सून दारात माप ओलांडते, रुसलेले माणूस दारात उभे राहते. आमच्या दारी वर्षभरात जो येतो तो पुठ्ठ्याचा डबा टाकून जाणारा माणूस, आणि त्याचाही चेहरा दिसत नाही. दिसते ती वळून जाणारी गाडी.

ह्याला एकदाच अपवाद झाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नवर महामारीचे कडक निर्बंध आले. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचे, व्यायामाला दिवसातून एक तास बाहेर पडायचे, रात्री आठनंतर संचारबंदी. दिवस वाईट होते. डोंबिवलीत सासूबाई एकट्या, विमाने बंद. रोज संध्याकाळी फोनवर त्यांचा खोकला ऐकून हे झोपत नसत. पण त्याच दिवसांत आमचा रस्ता जागा झाला. मोटारींना जायला जागाच उरली नाही, म्हणून माणसे तासभर पायी निघाली. तीन वर्षे ज्यांचा पडदा तेवढा ओळखीचा होता त्यांचे चेहरे दिसले. समोरचे फिलिपिनो कुटुंब, पलीकडची सोमाली बाई आणि तिची पाच मुले, कोपऱ्यावरचे लुधियान्याचे सरदारजी. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने हात हलवीत आम्ही एकमेकांची नावे विचारली. पुढे निर्बंध उठले, मोटारी निघाल्या, पडदे पुन्हा वरखाली होऊ लागले. नावे मात्र राहिली.

सासूबाई पुन्हा आल्या त्या २०२३ च्या सप्टेंबरात, सहा महिन्यांसाठी. वय बहात्तर. या खेपेस आमच्या मनात विचार पक्का होता. येथे आई-वडिलांना तीन किंवा पाच वर्षे ठेवून घेण्याचा एक परवाना २०१९ पासून मिळू लागला आहे. पैसे पडतात, पण आम्ही ते बाजूला काढले होते. त्यांना सहा महिन्यांत हे घर आपले वाटले की अर्ज करायचा.

त्यांनीही मनापासून प्रयत्न केला. एकदा मी गावाविषयी काही कुरकुर केली तर मलाच म्हणाल्या, "अगं, डोंबिवली तरी काय होती? त्र्याहत्तर साली मी लग्न होऊन आले तेव्हा दादरचे लोक नाके मुरडायचे. चिखल एवढा, की हे चपला हातात घेऊन स्टेशनला जायचे. पाण्याला पहाटे तीनला उठायचे. लोक म्हणायचे, जंगलात काय जाता? आणि आता दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर उभे राहायला जागा नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. प्रत्येक नवे गाव आधी उघडे-बोडके असते. माणसे त्याला हळूहळू कपडे घालतात. टार्नीटही पन्नास वर्षांनी डोंबिवली होईल, असे मला त्या दिवशी वाटले. पण रात्री विचार करताना ध्यानात आले, की चिखलातून का होईना, मामंजी स्टेशनला चालत जात होते. डोंबिवली कितीही गैरसोयीची असली तरी ती पावलांच्या मापाने कापलेली होती. चिखल पुढे बुजवता येतो. माप मात्र एकदा चुकले की अंगरखा उसवावा लागतो.

आणि नेमका त्याच वर्षी आमच्या थोरलीचा अभ्यास सुरू झाला. अभ्यास म्हणजे मोटारीचा. या प्रांतात सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, आणि एकवीस वर्षांखालच्या मुलाने शेजारी पक्का परवानाधारक बसवून १२० तास मोटार चालवल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही. त्यांतले २० तास रात्रीचे. प्रत्येक फेरीची नोंद वहीत करायची. परीक्षा अठराव्या वर्षी. मी शेजारी बसे, पिवळी पाटी लावलेली मोटार थोरली चालवी, आणि मागे वही घेऊन सासूबाई. हिशेबाचे खाते त्यांनी स्वतःकडे घेतले. आयुष्यभर दूधवाल्याचा, वाण्याचा हिशेब त्यांनी असाच लिहिला होता; आता त्या नातीचे तास लिहू लागल्या. "सदतीस तास वीस मिनिटे," त्या मागून जाहीर करीत. "आज डावीकडे वळताना थांबलीस बरोबर. परवा नव्हती थांबलीस."

रविवारी आम्ही वस्ती संपते तेथून पुढे, माउंट कॉट्रेलच्या बाजूला जात असू. नाव माउंट असले तरी ते एक पसरट टेकाड आहे, विझलेला ज्वालामुखी. त्याच्या भोवती उघडे माळ, झाड क्वचित, वाऱ्याला अडवणारे काही नाही. कडेला सुक्या दगडांच्या रचलेल्या जुन्या भिंती, कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशा. सासूबाईंचे माहेर बार्शीकडचे. त्या दिवशी त्यांनी मोटार थांबवायला सांगितली, खाली उतरल्या, भिंतीवर हात ठेवला, मग वाकून ढेकूळ उचलले आणि बोटांनी फोडले.

"हा तर आपला काळा दगड. आणि ही आपली काळी माती," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात हिला भेगा पडत असतील बघ."

पडतातच. पाणी पिऊन ही माती फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून तर येथे घर बांधताना पाया विशेष जपून घालतात. मेलबर्नच्या पश्चिमेला शेकडो किलोमीटर हा लाव्हाचा माळ पसरला आहे. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इकडचा दगड त्या मानाने कालपरवाचा. पण जात एकच. या भागातल्या मूळ लोकांच्या वाथौरोंग भाषेत टार्नीट म्हणजे पांढरा. काळ्या मातीच्या गावाला पांढऱ्याचे नाव कसे पडले असेल, याचा सासूबाईंनी परतीच्या वाटेवर बराच विचार केला. थोरली म्हणाली, "आजी, तू बोलत राहा, मला वळणावर भीती कमी वाटते." मग त्यांनी बार्शीच्या रानातली सुगी सांगितली, हुरडा सांगितला, मामंजींनी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना एकटीने लोकलमध्ये चढवले ती गंमत सांगितली. तरण्या मुली एरवी आईशी किती बोलतात ते घरोघरी ठाऊक आहे. पण मोटारीत एकमेकांकडे पाहायचे नसते. सगळ्यांनी पुढे पाहायचे असते. त्यामुळे असेल, थोरली आम्हा दोघींशी मोकळेपणी बोलू लागली. तिला वैद्यकीला जायचे नाही हे मला त्या मोटारीत, ताशी साठच्या वेगाने समजले.

हे आठवड्यातून दोन दिवस. बाकीचे पाच दिवस सासूबाई घरात. हे परत कचेरीत जाऊ लागले होते, मी माझ्या कामावर, मुले शाळेत. त्यांनी आधी परसात मिरच्या लावल्या. मग एक दिवस छत्री घेऊन बाहेर पडल्या. छत्री उन्हासाठी नव्हे. येथे वसंतात मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या टाळक्यावर झेप घेतो, म्हणून. पाणी साठवण्यासाठी केलेले एक तळे आमच्या घरापासून पाऊण किलोमीटरवर आहे. तेथे त्यांना त्यांचे गणगोत भेटले. बाके भरून आजी-आजोबा! सरदारजींची आई, अहमदाबादचे एक निवृत्त पोस्टमास्तर, विजयवाड्याच्या बाई, पत्ते कुटणारे चार पंजाबी आजोबा. सगळे सहा-सहा महिन्यांचे पाहुणे. तेव्हा मला समजले, की या गावात पायी चालणारे जे कुणी दिसतात ते बहुतेक हेच, परदेशातून मुलांकडे आलेले म्हातारे. गाव चाकांचे आणि पाय उसने आणलेले.

आणखी एक शोध त्यांनी लावला. आमच्या मागच्या कुंपणापलीकडून रोज सकाळी साडेनऊला कुकरच्या शिट्ट्या येत. एकदा शिट्ट्यांमागोमाग "अगं बाई, भात लागला वाटतं!" हेही आले. सासूबाई उलटी बादली घालून तिच्यावर चढल्या आणि कुंपणावरून डोकावल्या. पलीकडे कोल्हापूरची एक आजी. दोन्ही घरांच्या पाठीला पाठ, मध्ये पुरुषभर उंचीचे लाकडी कुंपण. पण त्यांची वस्ती वेगळी, आमची वेगळी, आणि त्यांच्या दाराशी जायचे तर दीड किलोमीटरचा वळसा. त्यांच्या बाजूला किराण्याचे दुकान होते आणि बसचा थांबाही. आमचा रस्ता जेथे संपतो तेथे कुंपणाच्या चार फळ्या काढल्या, तर दुकान सात मिनिटांवर यावे. बादलीवर उभ्या राहून त्या दोघींनी सगळ्या गावाचा नकाशा मांडला.

सासूबाईंच्या सांगण्यावरून आम्ही नगरपालिकेला अर्ज केला. तळ्यावरच्या मंडळींनी उत्साहाने सह्या केल्या. मागाहून कळले, की पाहुण्यांच्या सह्या धरीत नाहीत. राहणाऱ्यांच्या एकोणीस मिळाल्या. उत्तर आले, विचार करू.

फेब्रुवारीत, परत जाण्याच्या पंधरा दिवस आधी, ह्यांनी जेवणानंतर परवान्याचे कागद टेबलावर ठेवले. सासूबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले. मग कागद नीट जुळवून परत दिले.

"घर चांगले आहे," त्या म्हणाल्या. "खोली तर माझ्या आयुष्यात इतकी चांगली मिळाली नाही. तुम्ही दोघे मला कशाला नाही म्हणत नाही. देवळात जायचे म्हटले की नेता, डॉक्टरकडे नेता, भाजीला नेता. पण तिथे मी जाते, इथे मला नेतात. तिथे गुडघे दुखले की मी घरी बसते, आणि थांबले की पुन्हा निघते. इथे गुडघे चांगले असले तरी बसून राहायचे. तीन वर्षे मी बसून राहिले तर मग मला उठता यायचे नाही रे."

हे काही बोलले नाहीत. उठून स्वयंपाकघरातला नळ, जो मुळीच गळत नव्हता, घट्ट करीत बसले. मला रडू आले. पण त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे एक अक्षर मला सापडले नाही. डोंबिवलीत त्या सकाळी दूध आणतात, गणपतीच्या देवळात जातात, बँकेत पासबुक भरून घेतात, वाचनालयात पुस्तक बदलतात. चार माणसे वाटेत विचारतात, "काकू, बऱ्या आहात ना?" हे सारे मिळून पाऊण मैलाचा फेरा. तेवढ्यात एक पुरे आयुष्य बसते.

त्या गेल्यावर मी पुष्कळ दिवस या गोष्टीचा विचार केला. हे घर आम्हाला परवडले, आणि आजही आम्ही तेच घेऊ. आमच्यासारख्या हजारोंना ते तसेच घ्यावे लागते. मुलांना अभ्यासाला खोली मिळाली, ह्यांना आंबट चुका लावायला वाफा मिळाला. परंतु स्वस्त घराची उरलेली किंमत कुणीतरी देतेच. ती खरेदीखतात लिहिलेली नसते. आमच्या घरी ती दोन टोकांची माणसे देतात. एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला चौदा वर्षांचा धाकटा. त्याला मित्राकडे जायचे असले की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो. त्याच्या वयात मी ठाण्याला तलावपाळीला मैत्रिणींबरोबर रोज हिंडत होते. मधली माणसे, म्हणजे ज्यांच्या खिशात परवाना आहे ती आम्ही, मजेत असतो आणि म्हणतो, सगळे कसे चार मिनिटांवर आहे.

यंदा थोरली अठरा वर्षांची झाली आणि पहिल्याच खेपेस परीक्षा उतरली. पिवळी पाटी गेली, नवशिक्या वाहनधारकाची तांबडी पाटी आली. ती पहिल्यांदा एकटी बाहेर पडली ती कोथिंबीर आणायला. मी खिडकीशी उभी राहून मोटारीचा आवाज विरेपर्यंत ऐकत होते. ती परतली, जुडी ओट्यावर ठेवली आणि धाकट्याला म्हणाली, "चल, तुला मित्राकडे सोडते." घरात एक सुटका झाल्यासारखे वाटले. पण वही मिटली होती. आता ती एकटीच पुढे बघत जाते, आणि मनातले काय ते रस्त्याला सांगत असेल. सासूबाईंनी त्या वहीची बेरीज शेवटपर्यंत डोंबिवलीतून फोनवर केली. "एकशे बावीस तास. दोन जास्तच भरले. असू देत."

आता दिवाळी आली. येथे ती वसंतात येते. सूर्य पावणेआठला मावळतो, म्हणून आकाशकंदील आठापर्यंत लावून उपयोग नाही. फटाके उडवायला सामान्य माणसाला बंदी आहे, त्यामुळे पहाट मुकीच उजाडते. फराळ मात्र साग्रसंगीत होतो. यंदा सात डबे द्यायचे आहेत. समोर आणि कोपऱ्यावर द्यायचे दोन मी चालत देणार आहे. २०२० सालापासूनचा तो नेम आहे. चार डबे मोटारीने जातील; ते थोरली फिरवून आणील.

सासूबाई जानेवारीत तीन महिने येणार आहेत. दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फळ्या काढल्या का गं?" नगरपालिकेचा माणूस मध्यंतरी येऊन टेप लावून मोजून गेला, एवढे मी त्यांना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "मोजले ना? मग काढतील. डोंबिवलीत पुलासाठी आम्ही किती वर्षे अर्ज केले होते!" तोवर सातवा डबा कोल्हापूरच्या आजींचा. परसातली बादली धुऊन, पालथी घालून ठेवली आहे. चकल्या यंदा कुंपणावरूनच जातील.